पडली तर उचलणार कोण?

गेले तीन आठवडे आमच्या घराण्यात एकच विषय चालू आहे. निमित्त आमच्या भाच्याचं. वय वर्षे बावन्न, पुण्यात बरी नोकरी, मुलगी शिकून मार्गाला लागलेली, घराचे हप्ते गेल्या दिवाळीला फिटले. आता त्याला मोटारसायकल घ्यायची आहे. मोटारसायकल म्हणजे आपली नेहमीची नव्हे, बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस! तिच्यावरून स्पिती, लडाख, मग एखाद्या वर्षी ईशान्य भारत असा त्याचा बेत आहे.

माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या आईनं, किंमत ऐकली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या काकांनी "एवढ्यात गावाकडे विहीर बांधून वर ट्रॅक्टर आला असता" असा हिशेब मांडला. तरुण मंडळींनी मात्र "घ्याच!" म्हणून अंगठे उंचावले. शेवटी भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्ही काय ते नीट विचार करून सांगा, आणि लिहूनच सांगा. म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल."

तर हे लिहितोय ते त्याच्यासाठी, आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांसाठीही. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलणार आहे, तेव्हा कुणी रागावू नये :)

आधी ही काय भानगड आहे ते सांगतो (शिक्षकाची खोड, जाता जात नाही!). १९८० साली बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस नावाची गाडी काढली. जर्मन भाषेत 'गेलेंडं' म्हणजे मोकळं रान आणि 'श्ट्रासं' म्हणजे रस्ता. त्यावरून जी आणि एस. त्याआधी मातीतून, चिखलातून जायच्या मोटारसायकली हलक्या, एका सिलिंडरच्या असत आणि हमरस्त्यावर लांब पल्ला मारायच्या गाड्या जड असत. या गाडीनं दोन्ही कामं एकीकडे आणली. इंजिन आठशे सीसीच्या जवळपास, ताकद ५० अश्वशक्ती, वजन पेट्रोलसकट सुमारे १८६ किलो. पॅरिसहून सहारा ओलांडून डाकारला जाणारी ती प्रसिद्ध शर्यत १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाली होती. तिथे १९८१, १९८३, १९८४ आणि १९८५ अशी चार वर्षं बीएमडब्ल्यूच पहिली आली आणि या जातीच्या गाड्यांचं नाव झालं. पुढे २००४ साली यूअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कपर्यंत जीएसवर गेले. त्याची मालिका दूरदर्शन संचांवर घरोघरी दिसली आणि मध्यमवयीन पुरुषांच्या डोक्यात जगभर हा किडा शिरला. आमच्या भाच्याच्या डोक्यात तो तिथूनच आला असावा.

मधल्या काळात गाडी वाढत गेली. आठशेची हजार झाली, मग अकराशे, साडेअकराशे, बाराशे, साडेबाराशे. सप्टेंबर २०२३ मध्ये तेराशे सीसीची आली. ताकद १४५ अश्वशक्ती. वजन पेट्रोल भरून २३७ किलो. (आधीच्या साडेबाराशेपेक्षा हे बारा किलोंनी कमी आहे, हे भाच्यानं मला तीनदा सांगितलं.) बसायची उंची साधारण ८५ सेंटिमीटर. बर्लिनच्या कारखान्यात तयार होऊन ती अख्खीच्या अख्खी आपल्याकडे येते. जून २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा शोरूममधली किंमत २० लाख ९५ हजार रुपये होती. त्यावर रस्त्याचा कर, विमा, सामानाच्या पेट्या, अंगावरचे कपडे, हेल्मेट. म्हणजे पंचवीस लाखांची तयारी ठेवायला हवी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर जीएसटी ४० टक्के झाला आहे. ३५० च्या खालच्यांवर तो २८ चा १८ झाला. सरकारनंसुद्धा गरज आणि हौस यांच्यामध्ये रेघ मारली म्हणायची.

आता पहिल्यांदा आमच्या नातेवाईकांशी बोलतो.

"हे काय वय आहे का?" हा तुमचा पहिला प्रश्न. टेड सायमन नावाचा एक ब्रिटिश पत्रकार १९७३ साली लंडनहून मोटारसायकलवर निघाला. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत असं करत १९७७ मध्ये परतला. त्याचं पुस्तक १९७९ साली आलं आणि अजून वाचलं जातं. हाच माणूस २००१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पुन्हा त्याच वाटेनं निघाला. बावन्नाव्या वर्षी गुडघे, डोळे आणि रक्तदाब ठीक असेल तर माणसानं जरूर जावं. आपल्याकडे काशीयात्रेला लोक याहून पुष्कळ मोठ्या वयात पायी जात, आणि त्यांना निरोप द्यायला सगळा गाव वेशीपर्यंत येई. तेव्हा कुणी वय काढत नव्हतं.

"पैसे उधळतोय" हा दुसरा आक्षेप. पैसे त्याचे आहेत, मिळवलेले आहेत, जबाबदाऱ्या पार पडल्या आहेत. याच घराण्यात लग्नात चारशे पानं उठवून वर आहेराच्या साड्या वाटताना कुणी हिशेब विचारल्याचं माझ्या कानावर नाही. माझी अट एकच, कर्ज काढून हौस करू नये. हौसेचा हप्ता सुरू झाला की हौस संपते आणि हप्ता उरतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, तो जिवाचा. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरांतली जवळजवळ पंचेचाळीस. तेव्हा बहिणीच्या पोटात गोळा येतो त्याला 'बायकी भीती' म्हणून कुणी हसू नये. आईला आकडे ठाऊक नसतील, पण तिचा अंदाज आकड्यांशी जुळतो. यावर माझं म्हणणं एवढंच की, हाच मुलगा गेली पंचवीस वर्षं पुण्याच्या रहदारीत दुचाकीवरून रोज कचेरीत जातोय, आणि मधली बरीच वर्षं हेल्मेट हँडलला लटकवून. तेव्हा कुणी बोलणं टाकलं नाही. धोका कमी करायचा तर तो रोजच्या रोज कमी करायला हवा. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, दिवसाला किती किलोमीटर ते आधी ठरवायचं, दमलं की थांबायचं. एवढं तो पाळणार असेल तर जाऊ द्या त्याला.

झालं, नातेवाईकांचं संपलं. आता भाचेबुवा, तुझ्याकडे वळतो.

तुझ्या गाडीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच गुणी आहे. दिवसाला चारशे किलोमीटर जाऊन संध्याकाळी पाठ शाबूत राहते, वारा अंगावर येत नाही, मागे बसणाऱ्याला नीट जागा आहे. मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट आहे, त्यामुळे रोज साखळीला तेल घालत बसायला नको. वळणात ब्रेक दाबला तरी चाक घसरू नये अशी सोय आहे, आणि ही काही चैनीची वस्तू नव्हे. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे असल्यानं वजन खाली राहतं, चालताना गाडी तिच्या वजनापेक्षा हलकी वाटते असं चालवणारे सांगतात. भूगोलाच्या मास्तराच्या नात्यानं आणखी एक मुद्दा तुझ्या पदरात टाकतो. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि इंजिनाची ताकदही जवळपास त्याच हिशेबात घटते. १४५ ची निम्मी झाली तरी पुष्कळ उरते, ४० ची निम्मी झाली तर गाडी कण्हत चढते. (तुझ्या फुप्फुसांनाही हाच नियम लागू आहे, ते विसरू नकोस.)

हे सगळं जमेला धरूनही माझं मत ही गाडी घेऊ नये असंच आहे. का, ते सांगतो.

पहिली गोष्ट रस्त्यांची. तू लडाख म्हणतोस खरा, पण वर्षाचे तीनशे चाळीस दिवस गाडी पुण्यातच असणार. इथून १४५ अश्वशक्ती मोकळी सोडायला कुठे जाशील? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला, तिथेही बंदी. अटल सेतूवर बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. म्हणजे ज्या रस्त्यांवर ही गाडी शोभली असती ते सगळे तुला बंद, आणि एखादी आठशे सीसीची जुनी मोटार मात्र तिथून डौलात जाणार! उरलेल्या चौपदरी महामार्गांवर मोटारसायकलला कायद्यानं ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. दोनशेच्या वर जाणारी गाडी ऐंशीवर धरून ठेवायची. ते जमेलही, पण त्यासाठी पंचवीस लाख?

दुसरी गोष्ट वजनाची, आणि माझ्या मते हीच मुख्य. २३७ किलो म्हणजे किती? सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं असतं. जवळजवळ पाच पोती. त्यावर पेट्या आणि सामान धर, सहा झाली. गाडी चालू असते तोवर ही पोती जाणवत नाहीत. जाणवतात ती गाडी उभी असताना, ढकलताना, उतारावर मागे घेताना, वाळूत वळवताना आणि पडल्यावर.

गाडी पडणारच, हे तर तुझे तज्ज्ञही सांगतात. पडण्यात अपमान नाही. पेट्रोल पंपावर, पाय टेकायच्या जागी खड्डा निघाल्यावर, नाल्यातल्या गोट्यांवरून चाक सरकल्यावर, भल्याभल्यांच्या गाड्या आडव्या होतात. उचलायची रीत आहे. गाडीकडे पाठ करून उकिडवं बसायचं, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागची चौकट धरायची आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे चालत उठायचं. तुझ्या गाडीचे सिलिंडर बाहेर असल्यानं ती अगदी भुईसपाट पडत नाही, हाही फायदा आहे. सपाट डांबरावर, ताज्या दमानं, एकदा तू ती उचलशील. पण स्पितीत ग्रांफूकडून काझाला जाताना रस्त्यावरून नाले वाहतात. दुपारचं ऊन लागून वरचा बर्फ वितळला की त्यांचं पाणी वाढतं. तिथे थंडगार पाण्यात, चार हजार मीटरच्या आसपास, दिवसातून तिसऱ्यांदा गाडी आडवी झाली तर? बरोबर कुणी असेल तर ठीक. नसेल तर येणाऱ्या ट्रकची वाट बघत दगडावर बसायचं. म्हणजे जी गाडी 'कुठेही जाता येईल' म्हणून घेतली, तिच्यावर एकट्यानं कुठेही जाता येत नाही. मग चार जणांचा जथा लागतो, जथ्यामागे सामानाची मोटार लागते, आणि आपल्या मनानं वाट धरण्याचं सुख निघून जातं.

त्या दोन नटांच्या २००४ च्या सफरीतलीच गोष्ट बघ. मंगोलियाच्या चिखलात त्यांच्या जड गाड्या रुतत होत्या, पडत होत्या. तिघांपैकी एक गाडी नादुरुस्त झाली तेव्हा त्यांच्या कॅमेरामननं तिथेच एक स्वस्तातली रशियन इझ मोटारसायकल विकत घेतली आणि त्याच चिखलातून वाट काढली. जाहिरातीत जीएस आली. इझचं नाव कुणाच्या लक्षात नाही.

तू म्हणशील, डाकार जिंकणारे काय सगळे पैलवान होते? १९८४ आणि १९८५ ची शर्यत जिंकणारा बेल्जियमचा गास्तों राइए तर इतका बुटका होता की त्याचे दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकत नसत. खरं आहे. पण तो त्याआधी तीन वेळा मोटोक्रॉसचा विश्वविजेता झाला होता. तू गेली वीस वर्षं स्कूटरवरून मंडई आणि कचेरी केली आहेस. आपल्याकडे परवान्याची पद्धतही गमतीची आहे. कॉलेजात असताना शंभर सीसीच्या गाडीवर आठ काढून तू जो परवाना मिळवलास, तोच या तेराशे सीसीला चालतो. ब्रिटनमध्ये टप्पे आहेत. लहान गाडीची परीक्षा, मग मधल्या गाडीची, आणि मग वय आणि अनुभव बघून मोठी. इथे कायदा तुला अडवत नाही, तेव्हा आपणच आपल्याला थोडं अडवायला हवं.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड, कारण ती मनाची आहे. महाग वस्तू माणसाला भित्रं करते. पंचवीस लाखांची गाडी ढाब्यासमोर लावून तू आत निवांत जेवू शकशील का? की खिडकीशीच जागा धरशील? रात्री एखाद्या खेड्यात ओळख काढून कुणाच्या पडवीत मुक्काम करावा, तर गाडी कुठे ठेवायची ही पहिली चिंता. मग कुंपण असलेलं, रखवालदार असलेलं हॉटेलच शोधावं लागतं. काही बिघडलं तर जवळचा अधिकृत कारखाना कुठल्या तरी मोठ्या शहरात. गावातला मेस्त्री हात जोडून म्हणणार, "साहेब, याला कॉम्प्युटर लागतो." आणि लोकांचं काय? साध्या गाडीवर गेलास तर माणसं विचारतात, "कुठून आलात? चहा घेणार का?" या गाडीवर गेलास तर पहिला प्रश्न असेल, "केवढ्याची हो?" आणि तू खरी किंमत सांगणार नाहीस, हे मी आत्ताच लिहून देतो.

साहस हा शब्द या गाड्यांच्या जाहिरातीत फार येतो, म्हणून त्याबद्दल दोन ओळी. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. इराण, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश... सगळं सायकलवर! टेड सायमनची पहिली गाडी पाचशे सीसीची साधी ट्रायम्फ होती. आणि घरचंच उदाहरण हवं तर आपल्या दूधवाल्याची बजाज एम-८० आठव. पाऊणशे सीसीची. दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन बांधून आषाढातल्या चिखलातून पहाटे पाचला यायची. शाळेच्या वाटेवर ओढ्याला पाणी असलं की मीही माझी एम-८० हातानं ढकलत पलीकडे न्यायचो. तिला कुणी 'अ‍ॅडव्हेंचर' म्हटलं नाही, कारण ती चालवणाऱ्याला कामावर पोचायचं होतं. साहस अनिश्चित वाटेवर निघण्यात असतं. वाहन फक्त सोबत येतं, आणि ते सोबत येण्याइतपत हलकं असावं.

मग काय घ्यावं? भाच्यानं दिलेल्या यादीतच खाली एक नाव होतं, त्यानं ते अंग चोरून लिहिलं होतं. रॉयल एनफिल्डची हिमालयन. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या हिमालयनचं इंजिन ४५२ सीसी, ताकद ४० अश्वशक्ती, वजन १९६ किलो, पेट्रोलची टाकी १७ लिटरची. हे आकडे मी त्या १९८० च्या मूळ जीएसच्या आकड्यांशेजारी मांडून बघितले. ५० आणि १८६. इकडे ४० आणि १९६. म्हणजे बाबा रे, ज्या गाडीच्या नावावर तू भुलला आहेस, तिच्या मूळ रूपाच्या जवळ जाणारी गाडी आता चेन्नईजवळ तयार होते आणि सगळं धरून चार लाखांच्या आसपास घरी येते. मनाली, लेहकडे तिचे मेस्त्री ठायी ठायी आहेत. उणिवाही सांगतो. महामार्गावर ती जीएसइतकी शांत धावणार नाही, साखळीची देखभाल आहे, उंच घाटात दम लागेल, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी वळून बघणार नाही. एकशे शहाण्णव किलोही काही फूल नव्हे. पण चाळीस किलोंचा फरक म्हणजे जवळजवळ एक पोतं कमी. बावन्नाव्या वर्षी ते एक पोतं फार मोठं आहे, आणि साठाव्या वर्षी त्याहून मोठं होईल.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं तर मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या तीन आठवड्यांत आई बोलली, काका बोलले, मित्र बोलले, मामा तर पानंच्या पानं बोलतोय. पण भाचेसुनेला कुणी विचारलं का? "ती मागे बसेल ना," असं तू सहज म्हणालास. अरे, ती लग्नाआधीपासून कायनेटिक होंडा चालवायची. तुमच्या लग्नानंतर पहिली चार वर्षं तूच तिच्या मागे बसून स्टेशनला जायचास, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. नंतर बँकेची नोकरी, मुलीची शाळा, तुझ्या वडिलांचं दुखणं, सगळीकडे ती स्वतःच्या गाडीनं गेली. त्या बाईनं आता पंधरा दिवस तुझ्या पाठीकडे बघत हिमालय पाहायचा?

पंचवीस लाखांचा हिशेब मी असा मांडतो. तिला गियरची गाडी शिकायची हौस असेल तर दोन हलक्या गाड्या घ्या. हिमालयनची उंची तिला जड जात असेल तर याहून लहान, बुटक्या गाड्याही आहेत, आणि ३५० च्या आत आता कर कमी आहे. दोघांचे चांगले कपडे, हेल्मेट आणि रीतसर चार दिवसांचं प्रशिक्षण. हे सगळं दहा लाखांत बसतं. उरले पंधरा लाख. त्यातून वेळ विकत घे. तुला वर्षाला सलग रजा मिळते ती दहा-बारा दिवस. त्यात पुण्याहून लडाख म्हणजे जाताना पळायचं आणि येताना पळायचं, मध्ये फोटो काढायचे. त्यापेक्षा एका वर्षी दोन महिने बिनपगारी रजा काढ. गुजरात, राजस्थान, पंजाब करत हळूहळू वर चढा. जिथे आवडेल तिथे तीन दिवस राहा. तिला नको असेल, तर तिला मोटारीनं मनालीत येऊन भेटू दे, पण निर्णय तिचा असू दे. तेराशे सीसीची गाडी तुला पुण्याहून लेहला चार तास लवकर पोचवेल. ते चार तास घेऊन तू तिथे काय करणार आहेस?

आणि एवढं वाचूनही तुला तीच गाडी हवी असेल, तर घे. मी बोलणं टाकणार नाही. फक्त पैसे भरण्याआधी एक काम कर. हिमालयन चार दिवस भाड्यानं मिळते. पेट्यांत सामान भरून ती घे, ताम्हिणीतून कोकणात उतर, आंजर्ल्यापर्यंत जा. वाटेत एखाद्या मोकळ्या मैदानावर जुनी गोधडी पसरून गाडी तिच्यावर हलकेच आडवी कर आणि एकट्यानं उचल. मग पुन्हा आडवी कर आणि पुन्हा उचल. असं तीनदा. (भाड्यानं देणाऱ्याला आधी विचार, नाहीतर अनामत जायची!) तिसऱ्यांदा उचलल्यावर जे वाटेल, त्यात आणखी चाळीस किलो मिळव आणि मग ठरव.

बहिणीला एवढंच सांगतो की मुलगा जाणार आहे, कोणत्या गाडीवर ते अजून ठरायचं आहे. तेव्हा अबोला सोडून त्याच्याबरोबर द्यायच्या दशम्यांचं बघ. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांनी स्वतः मोठ्या गाड्यांवर लांबचे प्रवास केले असतील त्यांनी, माझं कुठे पटत नाही ते जरूर लिहावं. भाचा वाचणार आहेच. भाचेसुनेनंही वाचावं, आणि तिचं मत तिनं थेट मला फोन करून सांगावं.